पुढून दिवाळी, मागून अमावस्या

कराडपासून तासगावपर्यंतच्या पट्ट्यात वर्षाचे ऋतू दोनच: कारखाना चालू आणि कारखाना बंद. पहिला ऋतू कधी सुरू व्हायचा ते मुंबईत मंत्री समिती ठरवते. २०२४ मध्ये तिने १५ नोव्हेंबर ठरवला, २०२५ मध्ये १ नोव्हेंबर. दुसरा कधी सुरू व्हायचा ते शेतात उभा राहिलेला ऊस ठरवतो. पहिल्याच्या तोंडावर बॉयलर पेटतो, गव्हाणीची पूजा होते, संचालक मंडळ फेटे बांधून मोळी टाकतं आणि मोळीत ऊस असतात त्यापेक्षा जास्त माणसं फोटोत असतात. त्या दिवसापासून रस्ता आपला राहत नाही. यशवंतनगर, रेठरे बुद्रुक, साखराळे, वाळवा, चिखली, कुंडल, वांगी. तुम्ही लग्नाला निघा नाहीतर दाताच्या डॉक्टरकडे निघा, तुम्ही कुठल्या तरी कारखान्याच्या वाटेवरच असता, आणि तुमच्या पुढे ऊस असतो.

या ऋतूचा राजा म्हणजे ट्रॅक्टर. तो समोरून येताना पाहावा. बोनेटवर झेंडूचा हार, दोन्ही बाजूंना झेंडे, बंपरवर आईवडिलांचे आशीर्वाद, काचेच्या जागी कुलदैवत, आणि या सगळ्याभोवती निळ्या, हिरव्या, जांभळ्या दिव्यांच्या पळत्या माळा. स्पीकर तर असे की गाणं आधी पोचतं, ट्रॅक्टर नंतर. समोरून येणाऱ्या ऊसाच्या ट्रॅक्टरवर आपटायचं म्हटलं तरी ते साधणार नाही. डोळे मिटलेल्या माणसालाही तो चुकवता येईल.

मग तो आपल्याला ओलांडून जातो. मागे पहिली ट्रॉली, तिच्या मागे दुसरी, दोन्हींत मिळून वीस टनांच्या आसपास ऊस, आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे काही नाही. दिवा नाही, पट्टी नाही, नंबर असलाच तर तो वाढ्यांनी झाकलेला. लक्ष्मीपूजन आणि अमावस्या एकाच रात्री येतात हे पंचांगात लिहिलेलं असतं. इथे ती दोन्ही एकाच वाहनाला बांधलेली दिसतात. दिवाळी पुढे, अमावस्या मागे. आणि आपण बहुतेक वेळा मागे असतो.

ताकारीच्या पुढे एका चहाच्या टपरीवर अशाच एका राजाच्या चालकाला मी विचारलं, "दादा, एवढी रोषणाई पुढं केलीया, मागं एक लाल दिवा का न्हाय?"

त्यानं बशीतला चहा शांतपणे संपवला. "पावनं, मी पुढं बघून चालवतो. मागं कशाला लाईट?"

"मागनं येणाऱ्याला दिसाय नको?"

"त्याच्या गाडीला हाय की लाईट."

या उत्तरात तर्काची चूक काढणं सोपं नाही. मागून येणाऱ्याच्या गाडीला लाईट असतोच. पण तो लाईट परतून यायला ट्रॉलीच्या पाठीवर काहीतरी चमकणारं लागतं, आणि सुकलेलं पाचट चमकत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत वाहनाच्या मागे लाल परावर्तक असावा असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्याकडे त्याला रेडियम म्हणतात. हे रेडियम इथे दुर्मीळ आहे असंही नाही. चालकाच्या मोबाईलच्या कव्हरवर असतं, मडगार्डवर 'किंग' लिहायला वापरलेलं असतं. फक्त ते ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यापर्यंत पोचत नाही.

पोचतं तेव्हा जानेवारीत पोचतं, कारण रस्ता सुरक्षा अभियान जानेवारीत असतं. कारखान्याच्या आवारात मांडव पडतो, परिवहन कार्यालयाचे साहेब येतात, अध्यक्षांच्या हस्ते एका ट्रॉलीला पट्टी चिकटवली जाते. चिकटवताना सगळे कॅमेऱ्याकडे बघत असल्यामुळे ती जरा तिरकी लागते. काही कारखाने हे काम हंगामाच्या सुरुवातीलाच करतात, ट्रॉल्यांना लाल कापड बांधून देतात, बैलांच्या शिंगांनाही पट्ट्या लावतात. त्यांना माझा नमस्कार. पण डिसेंबरच्या रात्रीच जास्त लांब असतात, हे अभियानाची तारीख ठरवणाऱ्यांना कुणीतरी कळवायला हवं.

चालकाला दोष देऊन मोकळं होणं मलाही आवडलं असतं. पण वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. म्हणजे जितके टन जास्त आणि जितक्या खेपा जास्त, तितका ट्रॅक्टरचा हप्ता लवकर फिटणार. मग ट्रॉली भरताना उंचीचा विचार कोण करतो? तोडणी टोळीनं मोळ्या रचत जायचं आणि वरच्या विजेच्या तारेनं "बास" म्हटल्यावर थांबायचं. वजनकाट्यापुढच्या रांगेत अर्धी रात्र, उरलेल्या रात्रीत परत फडाकडे. झोप स्टिअरिंगवर. मागचा दिवा त्यानं एकदा लावलेला असतोही. पण त्याची वायर ट्रॉली जोडता-सोडताना तुटते, काच ऊस उतरवताना फुटते, आणि तिसऱ्या वेळी माणूस म्हणतो की देव बघून घेईल. देव बोनेटवर असतो. तोही पुढेच बघत असतो.

बैलगाडीचं वेगळं आहे. तिचा वेगच असा की तिच्यावर आपटणारा नेहमी दुसरा असतो. जुन्या गाड्यांच्या आखाखाली कंदील टांगलेला असायचा; आता गाडीला मोटारीची टायरं आली, कंदील गेला आणि त्याच्या जागी गाडीवानाच्या खिशातला मोबाईल आला. पहाटे साखराळ्याच्या किंवा रेठऱ्याच्या रस्त्यावर ओळीनं गाड्या चाललेल्या असतात, आणि त्यातले निम्मे गाडीवान ऊसावर गाढ झोपलेले असतात. बीडकडून, जतकडून आलेली ही माणसं. पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन फडात उतरलेली असतात, त्यांना झोपू नका म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण एक गोष्ट नमूद करायला हवी. बैलाला कारखान्याची वाट पाठ असते, ट्रॅक्टरला नसते. म्हणून गाडीवान झोपला तरी काट्यापर्यंत पोचतो आणि ट्रॅक्टरचा चालक झोपला तर विहिरीपर्यंत.

आता दगड. आमच्या भागात वाहन बंद पडल्यावर चालक सर्वांत आधी दगड शोधतो. एक चाकापुढे, एक चाकामागे, मग गाडीच्या मागे थोड्या अंतरावर चार-पाच दगडांची ओळ, आणि शेवटी बाभळीची किंवा निलगिरीची हिरवी फांदी. शहरात या कामासाठी लाल त्रिकोण मिळतो. फांदीचा फायदा असा की ती फुकट असते, तोटा असा की रात्री ती दिसत नाही आणि दिवसा ती झाडाचीच वाटते. पण खरी गंमत पुढे आहे. मेकॅनिक येतो, ट्रॅक्टर सुरू होतो, सगळे आनंदाने निघून जातात. दगड राहतात. वाहन गेलं, धोका गेला, धोक्याची सूचना मात्र रस्त्याच्या मधोमध कायम. रात्री दुचाकीवरून येणारा त्या सूचनेवरूनच उडतो. पेठ-सांगली रस्त्याच्या खड्ड्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, आंदोलनं झाली, निधीच्या घोषणा झाल्या. या दगडांवर कुणी साधं निवेदनही दिलेलं मी पाहिलं नाही. एकदा एका चालकाला म्हटलं, "दादा, दगूड तेवढं बाजूला टाकून जावा." तो म्हणाला, "असू द्या की. फुडच्याला उपेगी पडत्याल."

चढावरचं तंत्र आणखी पुढचं आहे. भार मागे, चढ पुढे, त्यामुळे ट्रॅक्टरची पुढची चाकं जमीन सोडायला लागतात. यावर उपाय म्हणून दोन तगडी माणसं बोनेटवर बसवतात. बसायला कुणीही तयार होतो. वजन असलं की पुरे, अनुभव लागत नाही. आयुष्यात ज्यांना कुणी किंमत दिली नाही अशांना त्या दोन मिनिटांसाठी गावात मान मिळतो. ट्रॅक्टर उचललाच तर ते दोघं आधी वर जातात आणि मग कुठे जातात, याचा विचार केलेला नसतो. ट्रॅक्टर बनवणारी कंपनी पुढच्या बाजूला लोखंडी वजनं बसवायची सोय देते. ती वजनं कधी कधी घरी, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर ठेवलेली आढळतात.

यानंतर ऊस ओढणारी पोरं. या परिसरात चालत्या वाहनातला ऐवज उतरवून घेण्याला इतिहास आहे. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तुफान सेनेने शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम घेऊन जाणारी रेल्वे अडवली आणि इंग्रजांचा पैसा चळवळीसाठी उतरवून घेतला. त्या लढ्यातले क्रांतीअग्रणी जी. डी. बापू लाड यांच्या नावाने आज कुंडलला साखर कारखाना आहे. आणि त्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉलीमागे शाळेतून सुटलेली पोरं पळतात, लोंबणारा एक ऊस धरतात आणि पाय रोवून मागे ओढतात. ऊस आला तर ठीक. नाही आला तर पोरगं ऊसाबरोबर जातं. तुफान सेनेने आधी रेल्वे थांबवली होती, ही गोष्ट इतिहासाच्या तासाला नीट सांगितली जात नसावी.

पोरांचं सोडा, दुचाकीवरचे मोठे बाप्पे हेच करतात. पुढचा चालवतो, मागचा हात लांब करतो. ऊस निघाला की चार फुटांची कांडी आडवी धरून दोघं निघतात आणि पुढच्या दोन किलोमीटरमध्ये ज्याला ती लागायची त्याला लागते. घरी स्वतःचा दोन एकर ऊस उभा असतो. विचारलं तर म्हणतात, "ह्या उसाची गोडी येगळीच." कारखान्याची प्रयोगशाळा साखरेचा उतारा दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत मोजते, ही वाढीव गोडी तिला अजून सापडलेली नाही.

एक मात्र मान्य करतो. रस्ते सुरक्षित करण्याचा एक रामबाण उपाय या भागाला ठाऊक आहे, तो म्हणजे ऊसदर आंदोलन. शेजारी जयसिंगपूरला ऊस परिषद होते, दराची मागणी जाहीर होते, आणि तडजोड होईपर्यंत शेतकरी संघटनेचे कार्यकर्ते ऊसाच्या ट्रॅक्टरांच्या टायरमधली हवा सोडतात. त्या दिवसांत ट्रॅक्टर जागच्या जागी उभा असतो, वेग शून्य, ओव्हरटेक करायची गरज नाही. केंद्राने २०२५-२६ साठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये दर ठरवला, त्यावर किती वाढवून मिळणार यावरून भांडण होतं आणि तेवढे दिवस माझ्यासारखा माणूस निर्धास्तपणे मिरजेला जाऊन येतो.

रस्त्यावरून फडात उतरलं तर तिथली व्यवस्था निराळी. ऊस तोडत तोडत टोळी पुढे सरकते तसे फडातले रहिवासी मागे सरकतात: ससे, मुंगूस, रानडुक्कर, साप, आणि कराड, शिराळा, वाळवा भागात आता बिबट्यासुद्धा. शेवटचा दोन-चार सरींचा पट्टा उरला की आतल्यांची सर्वपक्षीय बैठक भरलेली असते आणि बाहेर सगळा गाव काठ्या आणि मोबाईल घेऊन उभा असतो. काठ्या थोड्या, मोबाईल जास्त. या वेळी तिथून लांब जावं, हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. बिबट्याची मादी ऊसातच पिलं घालते, तोडणीत ती सापडतात, आणि मग त्यांना मांडीवर घेऊन फोटो काढण्यासाठी रांग लागते. त्यांची आई शेजारच्या फडात आहे आणि तिला फोटोत रस नाही, हे सांगायला वनखात्याच्या माणसाला यावं लागतं. तो पिलं क्रेटमध्ये ठेवतो, लोकांना हाकलतो, कॅमेरा लावतो, आणि रात्री आई येऊन एकेक पिलू उचलून नेते. गर्दी नसेल तरच नेते.

सापांचं म्हणाल तर बत्तीस शिराळ्याच्या मुलखात नागाबद्दल आदर कमी नाही. हा आदर फडात उतरताना पायांत दिसत नाही. गमबूट घालून ऊसात गेलेल्या माणसाला "काय सायब, सर्वे कराय आलाय?" असं विचारतात, म्हणून माणसं स्लिपर घालूनच जातात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्याही विषावर एकच लस चालते आणि ती सरकारी रुग्णालयात मिळते. तरी चावल्यानंतरचा पहिला अर्धा तास आपण पाय करकचून बांधण्यात, जखमेवर ब्लेड मारण्यात आणि साप कुठला होता यावर वाद घालण्यात घालवतो. बांधू नका, कापू नका, सापाच्या मागे लागू नका, पाय न हलवता गाडीत घाला आणि निघा. रस्त्यात मागे दिवा नसलेली ट्रॉली असेल, तेवढी सांभाळा.

मळणी यंत्राबद्दल थोडक्यात. सोयाबीनच्या दिवसांत ते बांधाबांधाने फिरतं. संसदेने १९८३ साली खास अशा यंत्रांसाठी धोकादायक यंत्रांचा कायदा केला. माल घालायचं तोंड लांब असावं, हात आतल्या दात्यांपर्यंत पोचू नये, एवढी साधी त्यामागची समजूत. पण शेवटची पेंढी अडकली की ती हातानेच ढकलायची असते, आणि ढकलणाऱ्याच्या गळ्यात टॉवेल, ढकलणारीचा पदर मोकळा. टॉवेल काढा आणि पदर खोचा, याच्यापुढे मला यात विनोद सापडत नाही.

शासन मात्र सगळ्याला तयार आहे. 'गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना' एवढ्या लांबीच्या नावाखाली मरणाचे प्रकार यादी करून ठेवलेले आहेत: रस्त्यावर, रेल्वेखाली, पाण्यात बुडून, विजेच्या धक्क्याने, वीज पडून, फवारणीच्या विषाने, साप-विंचू चावून, जनावराच्या हल्ल्यात, उंचावरून पडून. मृत्यूला दोन लाख, दोन हात किंवा दोन पाय गेले तरी दोन लाख, एक गेला तर एक लाख. वय १० ते ७५. शहाहत्तराव्या वर्षी बांधावर जाताना स्वतःच्या जबाबदारीवर जायचं. सातबारा, वारसांची नोंद, पंचनामा, दाखले असं सगळं जोडायचं. कागदांची ती फाइल बघितली की वाटतं, जिवंत राहणं त्यामानाने कमी त्रासाचं आहे. नियमात असंही आहे की मोटार शर्यतीतल्या अपघाताला पैसे मिळत नाहीत. काट्यावर आधी नंबर लागावा म्हणून दोन भरलेले ट्रॅक्टर शेजारी शेजारी सुटतात, त्या चालकांनी हे कलम एकदा वाचावं.

माझं एवढंच मागणं आहे. ट्रॅक्टरमालकांनी पुढच्या माळांतली एक माळ कमी करावी आणि त्या पैशांत रेडियमची पट्टी घ्यावी. ती मागे लावावी. पहिल्या नाही, दुसऱ्या ट्रॉलीच्या मागे, वाढ्यांच्या खाली झाकली जाणार नाही अशी. निघताना दगड बाजूला टाकावेत. आणि जे पुण्याहून रात्री निघून पेठ नाक्यावरून आत वळतील, त्यांनी आत वळल्यावर महामार्गाचा वेग विसरावा. पुढचा रस्ता नेहमीपेक्षा जास्त काळा दिसला तर ब्रेक दाबावा. तो ऊसच असतो. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो.